जमनाच्या नावाचा वाटा

"माजं डोस्कं काय कवठावानी दिसून राहिलं का?"

ओढ्यापलीकडच्या बांधावरून हा प्रश्न आला आणि जमनाच्या हातातला दुसरा दगड हातातच राहिला. पहिला दगड कवठाला न लागता फांद्यांमधून सरळ पलीकडे गेला होता. तिकडून कुणी माणूस येत असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बांधावर एक तरुण उभा होता. खांद्यावर घोंगडी, एका हातात काठी, आणि दुसऱ्या हातानं तो कान चोळत होता. चेहरा रागावल्यासारखा केला होता खरा, पण डोळे हसत होते.

"लागलं का?" जमनानं घाबरत विचारलं.

"न्हाई. नुसता कानाशी कायतरी बोलून गेला."

"मंग ओरडता काहून?"

"ओरडलो कुठं? इचारलं."

जमनाला हसू आलं आणि ते लपवायला तिनं झाडाकडे पाहिलं. माघ महिना होता, कवठं पिकून घमघमत होती, पण सगळी मेली उंचावर. तो ओढा उतरून आला, न विचारताच काठी भिरकावली आणि चार कवठं टपाटप खाली पडली. जमनानं ती ओटीत गोळा केली. आता गुपचूप निघून जावं, एवढी अक्कल तिला होती. वीस वर्षांची होती, आई गेल्यापासून बापाचं घर सांभाळत होती, गावात तिच्या शहाणपणाचे दाखले देत. पण पाय काही निघेनात.

"नाव तरी सांगा," तो म्हणाला. "कुणाच्या दगडातून वाचलो, त्ये मावशीला सांगाया नगं का?"

"कोन मावशी?"

"पार्वतीबाई. मी तिच्या बहिनीचा, पुसेगावचा. लिंबाजी. जवारीच्या राखनीला बोलावलंय मला."

पार्वतीबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून शेजारीण! जमनाचे कान तापले. अनोळखी पुरुषाला बाईमाणसानं आपलं नाव सांगू नये, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तरी तिनं ते सांगितलं... हळूच, तोंड फिरवून, निघता निघता.

"जमना."

आणि मग ती अशी झपाझप चालत सुटली की ओटीतली कवठं एकमेकांवर खडखडत राहिली. वळणावर तिनं मागे वळून पाहिलं. पाहायला नको होतं. तो तिथेच उभा होता.

त्याच दुपारी गावानं रानडुक्कर मारलं. हुरड्यात आलेली ज्वारी त्या जनावरानं आडवी करून टाकली होती. रात्रंदिवस राखण करूनही ऐकत नव्हतं. शेवटी कुत्री सोडली, भाले घेऊन माणसं नाल्यात उतरली आणि काम झालं. मग रीतीप्रमाणे ओढ्याकाठी पळसाच्या पानांवर घरटी वाटे मांडले गेले.

वाट्यांची रीत अशी, की कुणाला मोठा, कुणाला हाडाचा असा दुजाभाव व्हायला नको म्हणून एकानं वाट्यांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्यानं एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, 'ह्यो वाटा कुनाचा?' पाठमोऱ्यानं तोंडाला येईल त्या घरधन्याचं नाव घ्यायचं. नाव निघालं की वाटा त्याचा. मग देव आला तरी तो फिरत नाही.

त्या दिवशी बोट ठेवायला जमनाचे वडील होते, संतरामआबा. आणि पाठ फिरवायला गावानं लिंबाजीला उभं केलं. पाहुणा माणूस, त्याला ना कुणाशी लोभ ना कुणाशी वैर. शिकारीला आलेल्या घरधन्यांची नावं त्याच्याकडून घोकून घेतली होती.

जमना वाटा न्यायला टोपली घेऊन आली होती आणि बायका थांबतात तशी लांब, बाभळीआड थांबली होती. लिंबाजी धडाधड नावं घेत होता. आबांचं नाव झालं, पाटलाचं झालं. एक वाटा उरला, एक नाव उरलं. ते ग्यानबाचं होतं.

"ह्यो वाटा कुनाचा?" आबांनी विचारलं.

लिंबाजी थांबला. डोकं खाजवलं. आभाळाकडे बघितलं.

"आता बोल की गड्या! कुनाचा?"

"जमनाचा."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा ओढा हसू लागला. हसले नाहीत ते तिघंच. ग्यानबा, कारण त्याचा वाटा गेला होता. आबा, कारण त्यांच्या तरण्याताठ्या लेकीचं नाव परक्या पोरानं चार लोकांत, त्यांच्याच प्रश्नाला उत्तर म्हणून घेतलं होतं. आणि लिंबाजी... तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पळसाच्या पानासारखा हिरवट पडला होता.

जमना टोपली तिथेच टाकून पळाली.

विहिरीवर पोचली तर तिच्या आधी बातमी पोचलेली. बायका कुजबुजल्या, गप्प झाल्या, पुन्हा कुजबुजल्या. तिला घागरीत शिरून बसावंसं वाटलं. फक्त खतीजाबी, पलीकडच्या गल्लीतली म्हातारी, सरळ बोलली.

"क्या गे जमना, तोंड काहून लपवून राहिली? नाव घेतलं, चोरलं तर न्हाई ना?"

"लाज वाटती, बी."

"वाटू दे. पन कशाची वाटती, ते जरा बघ बेटा."

जमनानं पाहिलं नाही. पाहायचं धाडसच नव्हतं. कारण त्या लाजेच्या तळाशी काहीतरी गोड होतं, आणि त्या गोडाचीच तिला सगळ्यात जास्त शरम वाटत होती. सकाळी ओळख आणि दुपारी नाव! असली कसली ही पोरगी? तेही कधी, तर उद्या तिच्या सोयरिकीचा शब्द घेऊन हाच ग्यानबा, आबांचा मध्यस्थ, कळमनुरीला निघायचा होता. तिथला एक बिजवर, धान्याचा दुकानदार, पाहण्यात होता. माणूस चांगला होता म्हणे. चांगला होता, याखेरीज त्याच्याबद्दल कुणालाच काही सांगता येत नव्हतं. जमनाला तर कुणी विचारलंही नव्हतं, आणि तीही काही बोलली नव्हती.

आबा घरी आले ते मागच्या वाटेनं. रानडुकराचं मांस खतीजाबीच्या दारावरून कधी नेत नसत, गावाचा हा जुना शिरस्ता होता. त्यांनी दोन्ही वाटे परसात ठेवले आणि भिंतीकडे बघत बोलले. लेकीकडे बघवत नव्हतं त्यांना.

"ग्यानबाचा वाटा आपल्या घरात आला. तवा आज त्यो आपल्याकडं जेवंल. आन् त्या पोराला बी बोलवलंय. समोर बसून सांगू दे काय सांगायचं त्ये."

"आबा, मला ह्ये शिजवाया येत न्हाई..."

"तुज्या नावाचा वाटा, तूच शिजव. मी शेतात जाळ करून येतो. दिवेलागनीला जेवान झालं पायजे, मंग राखनीला जायचंय."

आबा गेले. जमनानं परसात तीन दगड मांडले. हे कालवण घरातल्या चुलीवर चढत नसे. त्याचं मडकं वेगळं, वळचणीला टांगलेलं, आणि शिजवणार नेहमी आबा. आई होती तेव्हासुद्धा आबाच. रानडुकराचं मांस म्हणजे मंद जाळावर दोन प्रहर रटरटत ठेवायची गोष्ट. इथे तर सूर्य बाभळीवर टेकला होता. आज कसला सण नव्हता की बाजार नव्हता, साधी मंगळवारची संध्याकाळ होती, आणि जेवण वेळेवर झालं नाही तर तिची आणखी शोभा होणार होती.

"मावशीनं पाठवलं. कापून द्याया."

लिंबाजी परसाच्या कडेला उभा होता, हातात कोयता. भिंतीपलीकडे पार्वतीबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. म्हणजे तांदूळ सुपात होते आणि कान इकडे.

"कापा," जमना खाली मान घालून म्हणाली. "पातळ कापा. जाड तुकडं येळेवर शिजायचं न्हाईत."

"किती पातळ?"

"कांद्याचं काप करतेत तसं."

तो मुकाट्यानं कापू लागला. हात सराईत होता. थोड्या वेळानं कोयता थांबला.

"राग आलाय?"

"न्हाई."

"मंग?"

"लाज वाटून राहिली. राग आला असता तर भांडले तरी असते."

"मला बी," तो म्हणाला. आवाजात सकाळचं हसू नव्हतं. "देवाशपथ सांगतो, नावं मला बराबर पाठ होती. शेवटचं घ्यायच्या टायमाला डोळ्याम्होरं त्ये कवठाचं झाड आलं... आन् तोंडातून भलतंच गेलं."

"भलतंच?"

"म्हंजी... भलतंच न्हाई. पन तिथं नगं होतं."

"मंग कुटं हवं होतं?"

शब्द तोंडातून गेल्यावर जमनानं जीभ चावली. पलीकडे पार्वतीबाई खाकरल्या. लिंबाजीनं इतक्या जोरात कोयता मारला की तुकडा उडून राखेत पडला.

मडकं तापलं. तिनं चरबीचे काप आधी टाकले. ते वितळून चुरचुरू लागले, मग पातळ काप, ठेचलेला लसूण, तिखट, मीठ आणि घरची हळद. जाळ मोठा ठेवला. मांस भराभर रंग बदलू लागलं, पण त्याचा तो रानवट उग्र वास काही हटेना. आबा तो वास तासन्‌तास शिजवून घालवत. तिच्याकडे तेवढा वेळ नव्हता. तिला रडू फुटायच्या बेतात आलं.

"आंबट काय न्हाई का घरात?" त्यानं विचारलं. "चिंच?"

"चिंच सरली." ती थांबली. मग दोघांची नजर एकाच वेळी तिनं सकाळी परसाच्या ओट्यावर ठेवलेल्या कवठांकडे गेली.

"व्हय!" तो म्हणाला.

"नगं," ती म्हणाली. "कवठ कुनी घातलंय का मटनात? हसतील समदे."

"आज हसायचं काय बाकी ठेवलंय त्यांनी?"

तिला हसू आलं. दुपारपासून पहिल्यांदा. त्यानं दोन कवठं दगडावर आपटून फोडली. तिनं गर परातीत काढला, त्यात गुळाचा खडा आणि थोडं पाणी घातलं, आणि हातानं कुस्करून, फडक्यातून पिळून गाळून घेतलं. ओतलं तसं मडक्यात फस्सदिशी आवाज झाला, आणि मग आंबट-गोड, दाट वास असा दरवळला की पार्वतीबाईंचं सूप थांबलं. पाक आटू लागला. ती ढवळत राहिली. एकेक काप तांबूस, चकचकीत होऊ लागला, पाक कापाला धरून बसू लागला.

ढवळताना पदर खांद्यावरून घसरला आणि जाळाकडे ओघळला. दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट. "अगं बाई..." ती नुसतीच म्हणाली. लिंबाजी पुढे झाला. त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं, जवळची काडी घेतली, काडीनंच पदराचा काठ उचलला आणि तिच्या खांद्यावर ठेवला. बोटाचं टोकसुद्धा लागू दिलं नाही.

"आता पाठ फिरवून बी नीट काम करता की," ती पुटपुटली.

तो जाळात काटकी सारू लागला. पण त्याचे कान लाल झालेले तिला दिसले, आणि दुपारपासून शरमेनं मरणारी आपण एकटीच नाही, हे कळून तिला फार बरं वाटलं.

दिवेलागणीला पंगत परसातच बसली. ग्यानबाकाका फुगूनच आले होते. घोंगडीवर बसताना एवढ्या मोठ्यानं उसासा टाकला की शेजारची कोंबडी उठली. जमनानं भाकरी वाढली, वर ते तांबूस काप वाढले आणि दाराआड जाऊन उभी राहिली.

ग्यानबाकाकांनी पहिला घास घेतला. चावला. थांबले. आबांकडे पाहिलं. दुसरा घास घेतला.

"ह्यात काय घातलंय?"

"काय की," आबाही चावत म्हणाले. "पोरीनं केलंय."

"इतक्या येळात?" काकांच्या मिशीला पाक चिकटला होता आणि मिशी एका बाजूनं वर उभी राहिली होती. पण हसायची कुणाची छाती नव्हती. "वाढ गं आनखी. आज माजा वाटा हाय ह्यात."

तिनं वाढलं. काकांची कळी खुलली. भाकरीमागून भाकरी गेली, आणि मग त्यांनी जेवता जेवता थांबून मुद्दा काढला.

"लिंबाजी, मी सकाळी कळमनुरीला निघून राहिलो. आजची गोष्ट माज्या आदी तिथं पोचंल, लोकांची तोंडं काय बांधता येतेत व्हय? त्ये मला इचारतील. तवा मला एक कायतरी ठाम सांग. पोरीचं नाव का घेतलंस?"

आबांनी मान वर केली नाही. "चुकून गेलं म्हन. इथंच मिटवू."

सगळं किती सोपं होतं! एक शब्द, की जमनाचं नाव धुतलं जाणार होतं. दाराच्या फटीतून तिनं लिंबाजीकडे पाहिलं. तो ताटलीतल्या भाकरीकडे बघत होता.

"चुकून गेलं," तो म्हणाला. "तिची काय बी चूक न्हाई. माजी जीभ घसरली. मी पाया पडतो तुमच्या."

"झालं तर मंग!" ग्यानबाकाका मोकळे झाले. "मी उद्या शब्द देऊन येतो. पंधरवड्यात सुपारी फोडू."

जमनानं सुटकेचा श्वास घ्यायला हवा होता. दुपारपासून तिनं हेच तर मागितलं होतं, की हे घडलंच नाही असं व्हावं. आता ते झालं होतं. तिच्यासाठी तो खोटं बोलला होता, आपली मान खाली घालून, तिची वर राहावी म्हणून. आणि तिला काय वाटलं? कुणीतरी हातातलं काढून घेतल्यासारखं वाटलं. गप्प राहिलं तर उद्या कळमनुरी, आणि मग जन्मभर गप्पच.

खतीजाबीनं जे बघ म्हणून सांगितलं होतं, ते तिनं त्या घटकेला पाहिलं.

ती बाहेर आली. हातात वाढायची पळी तशीच होती. पुरुषांच्या पंगतीत, परक्यासमोर, ती अशी कधीच उभी राहिली नव्हती.

"आबा..."

"काय गं? आत जा."

"जाते. पन एक सांगते." डोळ्यांत पाणी आलं, चेहऱ्याला आग लागल्यासारखी झाली, तरी ती बोलली. "मला आज लई लाज वाटली. मरावंसं वाटलं. पन नाव घेतलं म्हनून न्हाई, आबा... नाव घेतलेलं मला आवडलं, म्हनून वाटली."

भिंतीपलीकडे पार्वतीबाईंच्या हातातून काहीतरी पडलं.

"मला कळमनुरीला देऊ नगा," ती एवढंच म्हणाली आणि पळीकडे बघत उभी राहिली. आता बाप मारील की मातीत गाडील, हा प्रश्न बापाचा.

लिंबाजी ताटलीवरून उठला. हात उष्टा, चिकट. "आबा, मी आत्ता खोटं बोललो. ग्यानबाकाकांचं नाव ऐन टायमाला इसरलो, त्ये खरं. पन तिचं नाव चुकून न्हाई गेलं. सकाळधरनं दुसरं कोनतंच नाव तोंडात येत न्हवतं, त्याला मी काय करू?"

"बस खाली," आबा म्हणाले. "जेवताना उठू नये."

तो बसला. आबा भाकरीचा एक तुकडा मोडून पाकात फिरवत राहिले, खाईनात. मग लेकीकडे पाहिलं. दुपारनंतर पहिल्यांदाच सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि या खेपेला नजर त्यांचीच खाली गेली.

"ह्ये आदी काहून सांगितलं न्हाईस? कळमनुरी नगं म्हनून?"

"तुमी इचारलं न्हाई."

आबांचा चेहरा ओढल्यासारखा झाला. आई असती तर विचारलं असतं, हे दोघांनाही कळलं.

ग्यानबाकाकांनी मिशी पुसली. "संतराम, मंग मी सकाळी कळमनुरीला जाऊ का नगं?"

"जा की," आबा म्हणाले. "बाजार करून ये."

काकांनी आ वासला, मग मिटला, आणि मडक्यात उरलंय का ते बघायला मान लांब केली.

आबा लिंबाजीकडे वळले. दुपारपासून ते त्याला 'पोरा' आणि 'गड्या' म्हणत होते. आता त्यांनी घसा साफ केला, आणि आवाज वेगळा लागला.

"तुमचं देवक कंचं?"

दोन्ही कुळांचं देवक एक निघालं तर बोलणं तिथंच संपतं. ते भाऊबंद, सोयरीक होत नाही. लिंबाजीच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्याच्या तोंडचा घास तोंडातच राहिला.

"कळंब," तो कसाबसा म्हणाला.

आबांनी पाकात बुडवलेला तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि गिळला.

"आमचं पंचपालवी," ते म्हणाले. "जमना, वाढ त्यांना."